धागे मोजणाऱ्या मुली

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जुन्या ट्रंकेच्या तळाशी दुसुतीचा एखादा टेबलक्लॉथ घडी घालून ठेवलेला असेल. पांढऱ्या किंवा बदामी कापडावर लाल-निळ्या फुल्याफुल्यांनी भरलेली मोरांची जोडी, कडेने वेल आणि एका कोपऱ्यात भरणारीच्या नावाची आद्याक्षरे. आईने, मावशीने किंवा आत्याने लग्नाआधीच्या कुठल्याशा सुट्टीत तो भरलेला असतो. पाहुणे आले की तो बाहेर निघतो आणि पाहुणे गेले की परत ट्रंकेत जातो. आमचे सारे कामकाज मोजमापाचे. पण या टेबलक्लॉथमध्ये किती मोजमाप दडलेले आहे हे आम्हाला चाळिशी ओलांडल्यावर, स्वतः सुई हातात घेतली तेव्हा कळले.

आमच्या काकूंनी दुसुतीचा एक तुकडा दिला आणि पहिली सूचना केली, "आधी मध्य काढ, मग मोज." फुलीच्या टाक्याचा सारा नियम त्यात आला. एरवी भरतकाम करताना कापडावर पेन्सिलीने किंवा कार्बन कागदाने नक्षी उतरवून घेतात व तिच्या रेघेवरून टाके घालतात. मोजून भरायच्या कामात कापडावर काहीच काढलेले नसते. कापडाचे उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. हे दोन्ही मिळून जी जाळी तयार होते, तोच आपला आलेख कागद. दुसुतीत दोन-दोन धागे एकत्र विणलेले असल्यामुळे ही जाळी डोळ्यांना सहज दिसते. नमुन्यातील घरे मोजायची, कापडावरील तितकीच घरे मोजायची आणि तेथे फुली घालायची, एवढेच काम.

एवढेच म्हणता म्हणता आम्ही चौकटीची तीन बाजू पूर्ण केली. चौथी बाजू सुरुवातीच्या कोपऱ्याला येऊन मिळायची, ती एका घराने चुकली. कुठे तरी नवाच्या जागी दहा मोजले गेले होते. प्रयोगशाळेत आपण मोजमापाच्या उत्तरापुढे अधिक-उणे लिहून चुकीला जागा करून देतो. येथे ती सोय नाही. पूर्णांकांची चूक पुसट होत नाही. शेवटच्या फुलीपर्यंत ती तशीच चालत येते. काकूंनी चौकट पाहिली, "उलटी बाजू दाखव" म्हणाल्या, आणि मग शांतपणे सगळे उसवायला सांगितले.

उसवताना मनात एक प्रश्न आला. शेकडो वर्षे जगभरच्या मुली हे काम शिकत आल्या. त्यांच्याकडून इतकी काटेकोर मोजणी करून घेणाऱ्या शाळांना त्यात गणित कधी दिसले होते का? त्याचे उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागला, तो येथे मांडत आहोत.

कापडाची वही

धागे मोजून भरण्याची कला कोणा एका देशाची नाही. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात ममलुक राजवटीतील इजिप्तमधले, म्हणजे साधारण तेराव्या ते सोळाव्या शतकाच्या दरम्यानचे, भरतकामाचे तुकडे आहेत. त्यांतील काही तुकड्यांवर एकाशेजारी एक वेगवेगळ्या नक्षी भरून ठेवलेल्या दिसतात. कपडा म्हणून त्यांचा काही उपयोग नव्हता. त्या भरणाऱ्यांच्या टिपणवह्याच होत्या.

इंग्रजीत अशा कापडाला 'सँपलर' म्हणतात. लॅटिनमधील 'उदाहरण' या अर्थाच्या शब्दापासून तो आला. आपण त्याला नमुनापट म्हणू. इंग्लंडची राणी एलिझाबेथ ऑफ यॉर्क हिच्या १५०२ सालच्या खर्चाच्या वहीत नमुनापटासाठी तागाचे कापड घेतल्याची नोंद आहे. त्या काळी नक्षीचे छापील पुस्तक मिळत नव्हते. शेजारणीकडे चांगली किनार दिसली की तिचा एक तुकडा आपल्या नमुनापटावर भरून ठेवायचा आणि गुंडाळी करून जपायची. हवी तेव्हा ती उलगडून पाहायची आणि धागे मोजून तिची प्रत काढायची. मोजून भरलेल्या नक्षीचा हा मोठा गुण आहे. हाताने काढलेल्या चित्राची नक्कल करताना ते प्रत्येक वेळी थोडे बदलते. मोजलेली नक्षी मात्र शंभराव्या नकलेतही तीच राहते, कारण उतरवली जाते ती संख्या.

साल भरलेला सर्वांत जुना ज्ञात ब्रिटिश नमुनापट १५९८ चा आहे. तो जेन बॉस्टॉक नावाच्या स्त्रीने भरला आणि आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यावर अ‍ॅलिस ली या मुलीच्या १५९६ मधील जन्माची नोंद आहे, नाना प्रकारचे टाके आहेत आणि वर्णमालाही आहे. त्या वर्णमालेत 'जे' आणि 'यू' ही अक्षरे नाहीत, कारण त्या काळी ती 'आय' आणि 'व्ही' यांच्यापासून वेगळी मानली जात नसत. अशा रीतीने लिपीच्या इतिहासाचा एक पुरावा सुईने जपून ठेवला आहे.

दरम्यान छपाई आली. जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे योहान श्योनस्पेर्गर याने १५२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नक्षींचे पुस्तक छापले. १५८७ मध्ये पॅरिसमध्ये फेदेरिको विन्चोलो याचे पुस्तक निघाले. त्यात चौकटींच्या जाळीवर काढलेले नमुने आहेत. भरलेले घर आणि रिकामे घर यांतून प्राणी व फुले उभी राहतात. देकार्तचा भूमितीवरील प्रसिद्ध ग्रंथ १६३७ चा, म्हणजे विन्चोलोनंतर ५० वर्षांनी आलेला. यावरून देकार्तला ही कल्पना भरतकामावरून सुचली असे कोणी म्हणू नये. तसा पुरावा नाही. पण जागा दोन संख्यांनी सांगता येते, 'इतकी घरे उजवीकडे, इतकी वर', ही गोष्ट गणिताच्या पुस्तकात येण्याआधी अनेक घरांत रोजच्या वापरात होती, एवढे निश्चित म्हणता येते.

वहीचा झाला धडा

छापील नमुने मिळू लागल्यावर टिपणवही म्हणून नमुनापटाची गरज कमी झाली. तरीही तो मागे पडला नाही. त्याने रूप बदलले आणि तो शाळेत गेला. सतराव्या-अठराव्या शतकांत तो मुलींच्या शिक्षणाचा भाग झाला. लांब गुंडाळीच्या जागी चौकोनी कापड आले. त्यावर वर्णमाला, अंक, एखादे बोधवचन, घर, झाडे आणि खाली मुलीचे नाव, वय व साल. मुलीचे शिक्षण पूर्ण झाल्याचे ते प्रमाणपत्रच म्हणा ना! भिंतीवर टांगायची चौकट त्याला साजेशीच होती. काही शाळांत नकाशे आणि कायमस्वरूपी दिनदर्शिकाही कापडावर भरून घेत. यॉर्कशरमधील अ‍ॅकवर्थ येथे १७७९ मध्ये क्वेकर पंथीयांनी काढलेल्या शाळेतील मुली भौमितिक पदके आणि अर्धपदके भरीत. त्यांतील सममिती आजही वर्गात दाखवण्याजोगी आहे.

अक्षरे भरून घेण्यामागे फार व्यावहारिक कारण होते. मोठ्या घरातील चादरी, रुमाल आणि टॉवेल यांवर मालकाची आद्याक्षरे व क्रमांक बारीक फुल्यांनी भरीत असत. धुण्याला गेलेले कापड ओळखावे, हरवू नये आणि सर्व चादरी पाळीपाळीने वापरल्या जाव्यात, यासाठी ही खूण लागे. आपल्याकडचे परीट कापडावर जी खूण करीत, तिचेच हे घरगुती रूप. ज्या मुलीला अशी खूण भरता येई, तिला मोठ्या घरात नोकरी मिळणे सोपे जाई. ब्रिस्टल येथे गेऑर्ग म्युलर यांनी १८३६ पासून चालवलेल्या अनाथाश्रमातील मुलींचे नमुनापट प्रसिद्ध आहेत. पांढऱ्या कापडावर लाल धाग्याने वेगवेगळ्या आकारांच्या वर्णमाला ओळीने भरलेल्या. रिकामी जागा जवळजवळ ठेवलेली नाही. तो त्या मुलींचा नोकरीचा अर्जच होता.

या अक्षरांकडे नीट पाहिले तर एक ओळखीची गोष्ट दिसते. साधे रोमन अक्षर पाच घरे रुंद आणि सात घरे उंच जागेत नीट बसते. संगणकाचे जुने ठिपक्यांचे छपाईयंत्र किंवा रेल्वे फलाटावरचा दिव्यांचा फलक अक्षरे दाखवतो, तीही अशाच जाळीवर. पडद्यावरील चित्र ठिपक्याठिपक्यांनी बनते हे आपण विद्यार्थ्यांना नवलाने सांगतो. भरलेले घर किंवा रिकामे घर एवढ्या दोन चिन्हांतून अक्षर घडवण्याचे काम आठ-नऊ वर्षांच्या मुली दिव्याच्या उजेडात करीत होत्या.

एलिझाबेथ पार्कर

या हजारो नमुनापटांत एक अगदी वेगळा आहे. तोही व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यावर फूल नाही, घर नाही, किनार नाही. कापडावर लाल रेशमाच्या बारीक फुल्यांनी भरलेला सलग मजकूर आहे, ४६ ओळींचा. तो १८३० च्या सुमारास एलिझाबेथ पार्कर हिने भरला.

एलिझाबेथचा जन्म १८१३ मध्ये इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील अ‍ॅशबर्नहॅम येथे झाला. वडील एका उमरावाकडे मजूर होते, आई गावातील धर्मादाय शाळा चालवीत असे. भावंडे पुष्कळ. तेराव्या वर्षी एलिझाबेथ मुले सांभाळण्याच्या नोकरीसाठी घराबाहेर पडली. पुढे काय झाले ते तिने कापडावर सांगितले आहे. आपल्याला लिहिता येत नाही म्हणून हे अशा रीतीने मोकळेपणी मांडत आहोत, अशा अर्थाची तिची सुरुवात आहे. मालकाकडून झालेला छळ, त्याने जिन्यावरून ढकलून देणे, कोणाला न सांगता सोसलेले दिवस, जीव द्यावा असे मनात येणे, त्याबद्दल वाटणारी भीती, हे सर्व तिने एकेक फुली घालत नोंदवले. मजकुरात विरामचिन्हे नाहीत, शुद्धलेखनाच्या चुका आहेत. आपल्या आत्म्याचे काय होणार, असा प्रश्न विचारता विचारता मजकूर मध्येच थांबतो आणि खाली उरलेले कापड कोरे आहे.

आम्ही फुलीच्या टाक्याने एक शब्द भरून पाहिला, तेव्हा या कापडाचा अर्थ थोडा उमगला. पाच अक्षरांच्या शब्दाला साठ-सत्तर फुल्या लागतात. ४६ ओळी म्हणजे अनेक महिन्यांचे काम असले पाहिजे. लिहिता येत नाही म्हणणारी ही मुलगी शब्द जुळवू शकत होती, अक्षरे घडवू शकत होती, आपल्या मनाची उलघाल क्रमाने सांगू शकत होती. मग 'येत नाही' याचा अर्थ काय? लेखणी आणि कागद हे आपले साधन आहे असे तिला कधी वाटलेच नसावे. शाळेने तिच्या हाती सुई दिली होती. सुईने ती फक्त चादरीवरचे क्रमांक भरील अशी अपेक्षा होती; तिने त्याच सुईने फिर्याद लिहिली.

कोऱ्या कापडावरून वाटते तसा तिचा शेवट झाला नाही, हे सांगायला आनंद होतो. एलिझाबेथ जगली. तिने लग्न केले नाही. ती अ‍ॅशबर्नहॅममधील शाळेत शिक्षिका झाली आणि १८८९ मध्ये, ७६ व्या वर्षी वारली.

गणिताला वेळ नाही

एलिझाबेथ शिक्षिका झाली त्या काळात इंग्लंडमधील गरिबांच्या शाळांवर सरकारी नियमांची पकड बसू लागली होती. १८६२ च्या नव्या नियमांनी शाळेचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन आणि अंकगणिताच्या परीक्षेशी बांधले. मुलींसाठी आणखी एक अट होती. त्यांना साधे शिवणकाम शिकवलेच पाहिजे. दिवस तेवढाच, तास तेवढेच. मग मुलींच्या दिवसातून काय कमी करायचे?

उत्तर ठरल्यासारखे होते. १८८८ मध्ये प्राथमिक शिक्षणाची चौकशी करणाऱ्या आयोगाने आपला अहवाल दिला. अध्यक्षांच्या आडनावावरून तो 'क्रॉस आयोग' म्हणून ओळखला जातो. फुलीच्या टाक्याशी त्याचा काही संबंध नाही, हा निव्वळ नावाचा योगायोग. मुलींचा बराच वेळ शिवणकामात जातो, त्यामुळे मुलांइतका वेळ त्या अंकगणिताला देऊ शकत नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी अंकगणिताची पातळी बदलावी, अशा आशयाचे मत या आयोगाने मांडले.

या ठिकाणी आम्ही बराच वेळ थबकलो. धागे मोजणे, कापडाचे माप घेणे, किनार कोपऱ्यात जुळावी म्हणून भाग पाडून पाहणे, एका नमुन्याचे दुप्पट रूप करणे, हे सर्व ज्या मुली करीत होत्या त्यांना अंकगणिताला वेळ नाही असे ठरवले गेले. हातातील काम हीच संख्येची शाळा आहे, हे मात्र ना अहवालाला दिसले, ना पाठ्यपुस्तकाला. शिवण खालच्या दर्जाचे आणि गणित वरच्या दर्जाचे अशी वाटणी मनात पक्की असली, की एकाच कापडावर दोन्ही दिसणे अवघड होते. अर्थात केवळ फुल्या घालून कोणी गणिती होत नाही, हेही खरे. मोजणीला प्रश्न विचारावे लागतात. हा प्रश्न विचारणारा शिक्षक त्या मुलींना मिळाला नाही.

आज आपण ते प्रश्न विचारू शकतो. दोन नमुने पाहू या.

किती धागा लागेल?

एका इंचात १४ घरे असलेल्या कापडावर ७० घरे रुंद आणि ९८ घरे उंच असा नमुना पूर्ण भरायचा आहे. कापड ५ इंच रुंद, ७ इंच उंच लागेल, फुल्या ६,८६०. आता तोच नमुना इंचाला ७ घरे असलेल्या कापडावर घ्या. फुल्या तेवढ्याच राहतात, पण चित्र १० इंच बाय १४ इंच, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. लांबी दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होते, हा नियम फळ्यावर लिहून जितका पटतो त्याहून किती तरी अधिक येथे पटतो.

धाग्याची गोष्ट अधिक गमतीची आहे. एका घराची बाजू एक एकक धरा. फुलीचा प्रत्येक तिरपा टाका पायथागोरसच्या नियमाने १.४१ एकक लांब. पहिली रीत अशी: पूर्ण ओळीतील एका दिशेचे तिरपे टाके आधी घालत जायचे आणि परत येताना दुसऱ्या दिशेचे घालायचे. यात प्रत्येक तिरप्या टाक्यानंतर सुई कापडामागून सरळ उभी खाली येते, म्हणजे १ एकक. एका फुलीला समोर २.८३ आणि मागे २, एकूण ४.८३ एकक. दुसरी रीत: एकेक फुली पुरी करत पुढे जायचे. डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्यात, मग मागून सरळ खाली, तेथून डाव्या वरच्या कोपऱ्यात, आणि पुढच्या फुलीसाठी मागून पुन्हा तिरपे. आता समोर २.८३ आणि मागे २.४१, एकूण ५.२४ एकक. आपल्या ६,८६० फुल्यांना पहिल्या रीतीने सुमारे ६० मीटर आणि दुसऱ्या रीतीने सुमारे ६५ मीटर धागा लागेल. समोरून दोन्ही कामे अगदी सारखी दिसतील. फरक उलट्या बाजूला: पहिल्या रीतीत मागे फक्त सरळ उभ्या रेघा दिसतात, दुसरीत तिरप्यांचीही भर पडते.

काकू आधी उलटी बाजू का पाहतात, याचा उलगडा आम्हाला येथे झाला. नीट उलटी बाजू हे नुसते टापटिपीचे लक्षण नाही. धागा कमी खर्च झाल्याची ती पावती आहे. प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेने हवा, या त्यांच्या आग्रहालाही कारण आहे. रेशमी किंवा चमकदार सुती धाग्यावरून प्रकाश धाग्याच्या दिशेनुसार परावर्तित होतो. एकच टाका उलट पडला तरी तेवढे घर वेगळे चमकते आणि नजरेत खुपते. कमीत कमी धाग्यात फुल्या कशा भराव्यात यावर २००५ मध्ये कॅनडातील संगणकीय भूमितीच्या परिषदेत शोधनिबंध सादर झाला. काकूंच्या प्रश्नाला गणितज्ञांच्या सभेत जागा मिळाली, ती अशी.

दोन्ही बाजू सारख्या

दुसरा नमुना उलट्या बाजूचाच, पण अधिक खोल. हान्स होल्बाइन या चित्रकाराने १५३६ च्या सुमारास इंग्लंडची राणी जेन सीमोर हिचे चित्र काढले. तिच्या बाह्यांच्या टोकांशी काळ्या रेशमाची नाजूक मोजीव नक्षी दिसते. बाहीची झालर दोन्ही बाजूंनी दिसणार, म्हणून नक्षी दोन्हीकडून सारखी हवी. त्यासाठी दुहेरी धावदोरा वापरीत. जाताना एक टाका वर, एक खाली असा साधा धावदोरा घालायचा आणि परत येताना राहिलेल्या रिकाम्या जागा भरायच्या. युरोपात या टाक्याला त्या चित्रकारावरून होल्बाइन टाका म्हणतात.

हाच टाका आपल्या अगदी शेजारी आहे. धारवाड-हुबळीकडील कसुतीत, जिला आपण कर्नाटकी कशिदा म्हणतो, त्याचे नाव गवंती. चंद्रकळेवर आणि इरकली लुगड्यांवर गोपुर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन असे आकार कसुतीने भरतात. कापडावर रेघ काढायची नाही, धागे मोजायचे आणि गाठ मारायची नाही, असा दंडक. गवंतीप्रमाणेच पायऱ्यापायऱ्यांनी जाणारा मुरगी टाकाही दोन्हीकडून सारखा दिसतो. तिसरा नेयगी, विणीसारखा दिसणारा. चौथा मेंथी, म्हणजे मेथी. तोच आपला फुलीचा टाका. इरकली लुगडी महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या नेसली गेली, तेव्हा ही नक्षी आपल्या अनेक आज्यांच्या पदरावर होती.

आता प्रश्न असा. सरळ रेघेवर जाऊन परत येणे सोपे आहे. पण रथासारख्या, अनेक फांद्या फुटलेल्या नक्षीत एकाच धाग्याने सर्व टाके दोन्हीकडे कसे भरायचे? प्रत्येक रेघेवरून नेमके दोनदा जायचे, एकदा वरून आणि एकदा खालून. आणि सुई तर एकाआड एक वर-खाली चालणार. हे प्रत्येक सलग नक्षीत जमेलच का?

जमते, आणि कारण सुंदर आहे. नियम एकच: फांदी लागली की तिच्यावर जायचे, तिच्या सर्व उपफांद्या पुऱ्या करायच्या आणि त्याच वाटेने परत यायचे. नक्षीत कोठे बंद घर असेल, तर ते पुरे करणारा शेवटचा टाकाही छोटी फांदी समजायचा. त्यावरून जायचे आणि लगेच परतायचे. आता टाक्यांना १, २, ३ असे क्रमांक द्या. विषम टाके वरून, सम टाके खालून. एखाद्या रेघेवरून पुढे गेल्यानंतर तिच्यापलीकडील प्रत्येक रेघेवरून आपण दोनदा जातो, म्हणजे मधल्या टाक्यांची संख्या नेहमी सम असते. म्हणून जाताना क्रमांक विषम असेल तर परतताना तो सम येतो, आणि जाताना सम असेल तर परतताना विषम. अर्थात एकदा वरून, एकदा खालून. सिद्ध झाले!

विद्यार्थ्यांना येथे ऑयलरची आठवण करून द्यावी. क्योनिग्सबर्गच्या सात पुलांवरून प्रत्येकी एकदाच जाता येईल का, या प्रश्नावर त्याने १७३६ मध्ये विचार मांडला आणि त्यातून आलेखसिद्धान्त ही गणिताची शाखा निघाली. पुलांच्या कोड्यात ते शक्य नव्हते. प्रत्येक वाट दोनदा चालायची मुभा असली की नेहमी शक्य होते. होल्बाइन टाक्याचा आलेखसिद्धान्त मांडणारा लेख २००७ मध्ये भरतकाम आणि गणित यांवरील एका पुस्तकात छापला गेला. धारवाडच्या बायकांनी ही सिद्धता लिहून ठेवली नव्हती. पण आपली वाट चुकणार नाही ही खात्री त्यांच्या हातांना होती आणि ती त्या मुलींना शिकवीत आल्या.

वर्गात

हे सर्व वर्गात करण्यासाठी खर्च फारसा नाही. दुसुतीचा हातभर तुकडा, दोन रंगांच्या लडी, बोथट टोकाची व मोठ्या नेढ्याची सुई आणि चौकटींची वही पुरे. पहिल्या तासाला प्रत्येकाने आपल्या नावाचे पहिले अक्षर चौकटींच्या कागदावर बसवावे. रोमन अक्षराला पाच बाय सात घरे पुरतात. देवनागरीला शिरोरेघ, वरची मात्रा आणि खालचा उकार यांसाठी किती घरे लागतील हे मुलांनीच शोधावे. दुसऱ्या तासाला ते कापडावर भरावे. भरण्याआधी लागणाऱ्या धाग्याचा अंदाज लिहून ठेवावा आणि नंतर मोजून ताडून पाहावा. अंदाज आणि मोजमाप यांत फरक पडेल, कारण सुरुवातीचा व शेवटचा अडकवलेला धागा आणि धाग्याची जाडी आपण हिशेबात धरली नव्हती. तो फरक का पडला हे मुलांनी सांगितले, की प्रयोग यशस्वी झाला.

एक विनंती मात्र आहे. हे काम मुलगे आणि मुली दोघांनाही द्यावे. मुलींना सुई आणि मुलग्यांना गणित, अशी वाटणी एकदा करून पाहिली गेली आहे आणि तिची किंमत काय पडली ते आपण वर पाहिले.

आम्ही उसवलेली चौकट पुन्हा भरली. या वेळी चारही कोपरे जुळले. काकूंनी कापड हातात घेतले, सवयीने उलटे केले आणि बराच वेळ उभ्या रेघांवरून बोट फिरवीत राहिल्या. मग म्हणाल्या, "आम्हाला शाळेत गणितात कधी पास म्हणाले नाहीत." त्यांचा टेबलक्लॉथ आम्ही मोजला आहे. त्यात अकरा हजारांवर फुल्या आहेत, आणि एकही चुकलेली नाही.